लिटल म्हणजे किती

हॅलो?… हो, अमरावतीच… हो जी, मीच इंदूबाई मोहोड… जोडा, जोडा… हॅलो? शकुन?… जरा मोठ्यानं बोल वं, अकोल्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊन राहिला… हां, आता येते आयकू. बोल.

नाही, आमच्या घरी कुठचा फोन. डॉक्टरच्या घरून बोलून राहिली. पार्वताबाईनं कुंपणावरून आवाज देला, तशीच आली पिठाच्या हातानं… हो, इथंच बसल्या हायेत, डॉक्टरची आई. गहू निवडून राहिल्या… असू दे. त्यायच्यापासून काय लपवाचं? साऱ्या गल्लीले मालूम हाये.

हे? घरीच हायेत. आज नववा दिवस, कॉलेजात पाय नाही टाकला… ताप नाही वं. ताप असता तं बरं झालं असतं, डॉक्टर शेजारीच हाये. खिडकीपाशी बसून राह्यतात. दाढी नाही, काही नाही. ताट ठेवलं तं जेवतात, नाही ठेवलं तं मांगत नाहीत.

काय?… कोणतं पत्र?… अवं हळू, एकदम सारं नको सांगू… कोणाच्या सहीचं?… यायच्या? काय लिहून पाहिजे तुह्या रामरावले?… पुन्हा सांग.

"देवमन खंडारे याचं इंग्रजी कच्चं होतं"… बरं. "कच्चं असूनही त्याले गिरणीवर धाडलं गेलं"… पुढं?… "म्हणून मिस्त्रीचं म्हणणं त्याले साहेबाले नीट सांगता आलं नाही"… एवढंच? अन् सोमवारच्या चौकशीच्या आधी पाहिजे… हो, आयकलं. आयकलं म्हणून सांगून राहिली ना.

शकुन, मले एक सांग. पोट्टा मांगतला कोणी होता?… तूच ना. याच फोनवर, दिवाळी झाल्यावर. म्हणे, नव्या सूतगिरणीच्या मशिनी बसवाले जर्मन साहेब येऊन राहिला, रामरावकडं साऱ्या बांधकामाचा भार, त्यायच्यानं दिवसभर साहेबासंग फिरणं होत नाही, भाऊजीले म्हणा तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला इंग्रजी बोलणारा एक चांगला पोट्टा नाताळाच्या सुट्टीत धाडा… हो, 'चांगला' म्हणाली होती तू. यायनं आपल्या वर्गातला पहिला पोट्टा धाडला.

…नाही, तुह्या 'चांगल्या'चा अर्थ यायले नाही समजला. मले समजला होता. आडनाव आयकून तू फोनवर गप झाली, तेव्हाच समजला. मी बोलली नाही, ही माही चूक.

तो साहेब पहिल्याच दिवशी त्याले टेबलावर शेजारी घेऊन जेवला. तुह्या घरी त्याची कपबशी कुठं ठेवत होती तू?… नाही, त्यानं नाही सांगतलं. मी विचारलं, माह्या बहिणीच्या घरी जेवत होता काय रे, तं म्हणाला, "व्यवस्था ठीक होती, बाई." किती गुळगुळीत बोलाले शिकवलं होतं आमी त्याले.

अवं आयक ना. आयक, मंग तू बोल. कच्चं होतं म्हणते, तं तुले मालूम तरी हाये काय, हे शिकवत कसं होते? हैदराबादेहून इंग्रजी शिकवाचं चार महिन्यांचं ट्रेनिंग करून आले तेव्हापासून एकच ध्यास. म्हणत, आपले पोट्टे गणितात कोणाले आयकत नाहीत, पण साहेबापुढं उभं केलं का एक तं मुके होतात, नाही तं भांडल्यासारखे बोलतात. उद्या भिलाईले जातीन, राउरकेल्याले जातीन, तिथं रशियन हाये, जर्मन हाये. नुसतं व्याकरण पाठ करून काय करतीन? परक्या मुलखाचा माणूस कसा बसते, कसा जेवते, त्याले काय खटकते, हे भाषेसंगच शिकलं पाहिजे… दर रविवारी आठ-दहा पोट्टे घरी. मी झुणका-भाकर करू अन् ते काट्याचमच्यानं खात… हसू नको. तेव्हा मीबी हसत होती.

अन् फळ्यावर खेळ. एका बाजूनं आपली बोली लिहाची, दुसऱ्या बाजूनं साहेबाले रुचन असं इंग्रजी. नुसतं 'नाही' म्हणाचं नाही, आधी 'आय ॲम अफ्रेड' लावाचं. म्हणजे मले भेव वाटते… कशाचं भेव ते नको विचारू, तशी रीत हाये म्हणे. 'तुमचं चुकलं' म्हणाचं नाही, 'परहॅप्स' म्हणाचं, कदाचित. अन् जे कडू असंन त्याच्या आधी 'लिटल' टाकाचं, थोडंसं. मले चुलीपाशी बसल्या बसल्या पाठ झालं होतं. हे म्हणत, आपली वऱ्हाडी दगडासारखी लागते परक्याले, तिच्या कडा घासल्या पाहिजेत. अन् देवमन साऱ्यायच्या पुढं. कसंही वाक्य द्या, असा घासून देये का हे खुर्चीवरून उठून त्याची पाठ थोपटत.

…हॅलो? कोण?… तीन मिनिटं झाली? शकुन, वाढवून घे… हो जी, चालू हाये बोलणं.

हां… नाही, मीच बोलते. तू नुसतं अपघात अपघात करून राहिली. नत्थुजी मिस्त्री कसा गेला ते तू रामरावकडून आयकलं. मी देवमनकडून आयकलं. माह्या घरात, यायच्यासमोर बसून सांगत होता.

दोन दिवस मावठ्याचा पाऊस पडून गेला होता ना तुमच्याकडं? मशिनीच्या पायव्याचा खड्डा, दोन पुरस खोल, माणसावर माणूस उभा राहीन एवढा, साऱ्या काळ्या मातीतला. तुले काय सांगाचं, आपण वावरातल्या पोरी. त्या मातीनं पाणी पेलं का फुगते अन् मंग कुठून फाटन त्याचा भरवसा नाही. नत्थुजीनं कडेकडेनं फिरून पाह्यलं, भेगेत बोट घालून पाह्यलं. अन् पोट्ट्याले म्हणाला, "साहेबाले सांग. कायी माती हाये, पानी पेली हाये. आज या खड्ड्यात मानूस उतरवला तं मुडदा निंगन." एवढंच बोलला. याच्यात न समजासारखं काय हाये?

अन् देवमन साहेबाकडं वळून, जसं शिकवलं होतं तसंच बोलला. मिस्त्रीले मातीची थोडीशी काळजी वाटून राहिली, सर. आपल्याले सोयीचं असंन तं कदाचित जरा थांबता येईन… अवं, चुकलं कुठं? एक शब्द चुकला नाही. यायनं दहापैकी दहा देले असते.

साहेबानं विचारलं, लिटल? हा म्हणाला, येस सर, लिटल. साहेबानं घड्याळ पाह्यलं अन् हातानं खूण केली, चालू करा. नत्थुजीनं पोट्ट्याले विचारलं, "सांगतलं काय बरोबर?" हा म्हणाला, सांगतलं. "मंग साहेबाले आपल्याहून जास्त समजत असंन," म्हणाला अन् उतरला. मजुरायले उतरवाच्या आधी सोता उतरला, शकुन. अर्ध्या घंट्यात कड आली खाली. मागून उतरलेला एक मजूर पाय मोडून निभावला. नत्थुजीले काढाले सांज झाली.

…थांब. थांब जरा… नाही, काही नाही. पाणी घेतलं.

साहेबाचं काय म्हणते?… साहेब काहून तक्रार करन? तो आला होता इथं. हो, आमच्या घरी… रामरावले मालूम नसंन. मंगळवारी आला, जीप घेऊन, एकटाच. भल्ला उंच, दाराची चौकट लागली त्याच्या डोक्याले. चहा देला तं म्हणाला, साखर जास्त झाली. तोंडावर… मले राग नाही आला. मले वाटलं, हा तं आपल्या तिवस्याकडचा माणूस दिसते.

तो इंग्रज नव्हताच ना, शकुन. इंग्रजी त्याचीबी शिकलेलीच, मोडकीतोडकी, मलेबी निम्मी समजली. बाकीची यायनं मंग सांगतली. म्हणाला, आमच्या गावात माणूस मरणार असला तं मरणार म्हणतात. त्या पोट्ट्यानं मरण हा एक शब्द म्हटला असता तं मी साऱ्यायले बाहेर काढलं असतं. काहून नाही म्हटला? अन् मंग यायच्याकडं पाहून म्हणे, तुम्ही शिकवता ना, मंग मले सांगा, लिटल म्हणजे किती?

…हे काय सांगतीन? तो वाट पाहत राह्यला. टोमणा नव्हता त्याचा, त्याले खरंच समजून घ्याचं होतं. मंग उठला, मले हात जोडले, गेला. तेव्हापासून हे एकच म्हणतात. म्हणतात, इंदू, मी साऱ्या परदेशी लोकायले एकच समजलो. तो साहेब अन् मिस्त्री एकाच वाणाचे होते, दोघायले सरळ बोलणं समजत होतं. मधात माहं शिकवणं उभं राह्यलं.

…बरोबर. यायचीच चूक हाये, तू म्हणते तशी. मी कुठं नाही म्हणून राहिली? पण मंग पत्रात तेच लिहू दे ना. मोहोड सरचं शिकवणं चुकलं, पोट्ट्यानं शिकवलं तसं केलं. हे तयार हायेत. त्याच्यावर सही कराले हे आजबी तयार हायेत… ते चालत नाही? काहून?… अवं काहून?

मी सांगते काहून. पोट्ट्याले दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या म्हटलं, का चौकशीवाला विचारन, दोन्ही भाषा समजणारं तिथं अजून कोण उभं होतं… हॅलो? हाये काय तू?

आयक. हे पत्र मले आज नवं नाही. तुले पुन्हा पुन्हा विचारलं ते तुह्या तोंडून आयकाले. परवा पुंजाजी आले होते, देवमनचे वडील. तुमच्या गिरणीचा कारकून त्यायच्या गावी जाऊन आला म्हणे, का पोट्ट्याले इंग्रजी येत नाही असं कबूल करून टाका, मोहोड सरबी तसंच लिहून देऊन राहिले… मले खरं नाही वाटलं. मी म्हटलं, हे त्या कारकुनाचंच डोकं असंन, माही बहीण असं नाही करणार.

काय म्हणाले? बसले खुर्चीवर, पाणी पेले. दोन मजुऱ्या बुडवून आलेला माणूस, पण आवाज चढवला नाही. यायले म्हणाले, "सर, चूक झाली असंन तं लिवा. पोराले सजा झाली तं थो भोगन. पन माह्या पोराले इंग्रजी येत नाही, असं लिवू नका. अकरा वर्सं झाले आमी नवा धम्म घेतला, गावातलं मेलेलं ढोर ओढनं सोडलं, वावरं सुटले, मार खाल्ला. एवढ्याशा शिक्षणापायी सारं केलं. थे खोटं होतं असं लिवू नका." तो माणूस एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठला, तं मले म्हणे, सरले जेवू घाला, बाई.

हो जी, वाढवा… शकुन, सांग त्यायले, वाढवा म्हणून.

आता तू रडू नको. मी काही रामरावच्या जिवावर नाही उठली. ते तरी एकटे काय काय पाहतीन, मले समजते… हो… हो, उद्घाटनाची तारीख जवळ आली होती… हो, संचालक मागं लागले होते… काय म्हणाली?

काय म्हणाली तू आत्ता? "तो पोट्टा यायच्याकडं वळला, तवा हे कागदात डोकं घालून होते"?

शकुन, पोट्टा रामरावकडं वळला होता, हे तुले कोणी सांगतलं?

मी नाही सांगतलं. देवमननं मले अन् यायले सांगतलं, आमी कोणाले नाही सांगतलं… अवं बोल ना. रामरावनंच सांगतलं ना घरी? कधी?… त्याच दिवशी. बरं.

म्हणजे ते खरं होतं. देवमन म्हणाला होता, "साहेब, माह्यानं बरोबर सांगणं नाही झालं, तुमी सांगा ना." अन् रामराव म्हणाले, "मंग तुले आणलं कायले?" आठ दिवस मी मनाले समजावत होती. भेदरलेलं पोट्टं हाये, त्याले काय आठवन, काय नाही. माह्या शकुनचा नवरा असं बोलणार नाही… अन् तुले पहिल्या दिवसापासून मालूम. मालूम असून तू आज फोन केला.

मागून कोण सांगून राहिलं?… रामराव तिथंच हायेत? मंग त्यायलेच दे. दे फोन.

नमस्कार… हो, बरी हाये… हो जी, आयकून राहिली… घरातली गोष्ट घरात. बरं… नत्थुजीचंबी घर हाये, रामराव… हो, तुमची नोकरी जाईन, मले समजते. यायचीबी जाईन. देवमनचं तं कॉलेज आतापासूनच गेल्यासारखं हाये… नाही, मी राजकारण नाही करून राहिली, मी चुलीपाशी बसणारी बाई. मी एकच विचारते. मिस्त्री बोलला ते तुमाले समजलं होतं काय?… उद्घाटनाची तारीख नाही विचारली मी. समजलं होतं काय?… तुम्ही दर्यापूरकडचे, तुमाले वऱ्हाडी समजाले दुभाषी लागते काय?

…रामराव?

बरं. शकुनले द्या.

शकुन, आता आयक, मंग मी ठेवते. यायनं दोन कागद लिहून ठेवले हायेत. दोन्हीवर सही. दोन्हीत सोताची चूक लिहिली, दोन्हीत लिहिलं का पोट्ट्याले इंग्रजी उत्तम येते. फरक एवढाच का एकात रामरावचं नाव हाये, ते तिथं होते अन् पोट्ट्यानं त्यायले विनंती केली होती. दुसऱ्यात नाही. मले म्हणाले, बहीण तुही हाये, कोणता धाडाचा ते तू ठरव… परवा रातपासून तांदळाच्या डब्यात ठेवून हाये मी.

तुले खरं सांगू? आज सकाळी मी ठरवलं होतं. बिननावाचा धाडणार होती. पाकिटात घातलाबी होता. देवासमोर हात जोडून म्हटलं होतं, मरणारा गेला, माही बहीण तरी सुखात राहू दे. तू आज फोन केला नसता तं तोच गेला असता.

नाही. आता नाही, आता नावाचाच जाईन… शपथ नको घालू… आईची तं नकोच घालू.

कुसुमच्या लग्नाचं काय?… हो, मालूम हाये, फाल्गुनात. मी तिच्यासाठी लुगडं… बोल तू, बोल.

बरं.

बरं… नाही येणार… पत्रिकेतून यायचं नाव काढून टाक, छापली नसंन अजून… पोरीले काय सांगाचं ते तूच सांग. मावशी बिमार हाये म्हण… हो, समजलं. मेली असं समजीन म्हणाली, आयकलं मी… शकुन? शकुन?

हॅलो… हो, अमरावती… नाही जी, लाइन नाही गेली, तिनं ठेवला… नाही, पुन्हा नका लावू. झालं बोलणं.

पार्वताबाई, पाकीट चिटकवाले जरासा डिंक असंन काय तुमच्या इथं?… हो, आत्ताच पाहिजे. बाराची डाक निंगून जाईन.